फिल्टर कॉफी : घरी गाडी नेमकी कुठे अडते?

रानजाई

फिल्टर कॉफीवर इथे आधी धागा निघालेला असेल तर दुवा द्या, मला शोधून सापडला नाही.

आमचं घर मूळचं चहाचं. नवरा बदलीवर चेन्नईला होता तेव्हा मी अधूनमधून तिकडे जाऊन राहायचे आणि गल्लीतल्या मेसमधल्या कॉफीची चटक लागली. येताना स्टीलचा फिल्टर आणि डबरा-टंबलरच्या (पसरट वाटी आणि उभा पेला) जोड्या आणल्या. आता ठाण्यात रोज सकाळी घरी कॉफी होते आणि रोज तिच्यावरून आमचं वाजतं, कारण ती चव काही येत नाही.

पुडी तीच, फिल्टर तोच. कधी डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क) पाच मिनिटांत भसाभसा खाली, रंग कोऱ्या चहाचा. कधी रात्री लावलेला फिल्टर सकाळी उघडावा तर पाणी वर तसंच, खाली दोन चमचे. आणि नीट उतरलं तरी दूध घातलं की सगळं गुळमुळीत. वास येतो, पण जिभेवर काही राहत नाही. शेजारच्या काकू म्हणतात चिकोरीवाली (एका भाजलेल्या मुळाची पूड मिसळलेली) आण. नवरा म्हणतो चिकोरी म्हणजे भेसळ.

जे रोज करतात त्यांनी सांगा: पावडर कोणती, किती, पाणी किती, दूध कोणतं. आणि चिकोरीचं काय ते एकदाचं मिटवा.

चहाबाज

चहा प्या. धागा बंद.

नाममात्र

पहिल्याच प्रतिसादात शंभरी भरली धाग्याची :)
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चिकोरीवरून जुंपणार हे नक्की.

बेंगळुरूकर

रानजाई, आधी फिल्टरचं बघू, पावडरचं नंतर.

पाणी वरच अडून राहतं तेव्हा बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. खालचं भांडं आणि वरचं भांडं एकमेकांत घट्ट बसलं की खालची हवा बाहेर पडायला वाट राहत नाही. हवा निघाली नाही तर थेंब उतरणार कुठे? वरचं भांडं फडक्यात धरून किंचित उचला, थोडं फिरवून परत सैल ठेवा. 'सुस्स' आवाज येतो आणि टपटप सुरू होते. आमच्याकडे हे रोजचंच.

दुसरं कारण म्हणजे भोकं. कॉफीचं तेल भोकांत सुकून बसतं आणि साबणाच्या पाण्याने ते जात नाही. वरचं भांडं उजेडासमोर धरा. सगळी भोकं लख्ख दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर चिमट्यात धरून त्याचा तळ गॅसच्या ज्योतीवर थोडा वेळ फिरवा, अडकलेलं जळून जातं, मग ब्रशने घासा. (स्टीलचा असेल तरच. पितळेचा कल्हईवाला असेल तर आगीजवळ नेऊ नका.)

तिसरं, ती छत्रीसारखी दांडीवाली चकती. ती दाबायची नसते! नुसती पावडरीवर टेकवायची. लोक अंगठ्याने जोर लावतात, खाली पावडरीची वीट होते आणि मग म्हणतात फिल्टर खराब आहे. तिचं काम एवढंच, की वरून ओतलेल्या पाण्याने पावडरीत खड्डा पडू नये.

पाच मिनिटांत भसाभसा उतरतं त्याचं कारण उलटं. पावडर जाड दळलेली किंवा कमी घातलेली. तुम्ही पावडर किती घेता?

रानजाई

दोन चमचे. साधे, पोह्याचे. फिल्टर निम्माही भरत नाही.

बेंगळुरूकर

तिथेच कळलं :) आम्ही एवढी पावडर एका माणसाला घालतो.

वजनकाटा

चमच्यांत बोलू नका हो. कोणाचा चमचा सपाट, कोणाचा शिगोशीग. दहा रुपयांत कोणी काटा देत नाही मान्य, पण स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या, पोळ्यांच्या पिठालाही लागतो.

माझं माप : पावडर २५ ग्रॅम, उकळतं पाणी १२५ मिली. खाली डिकॉक्शन मिळतं साधारण ७५ मिली. "बाकीचं पाणी गेलं कुठे" असं सगळे विचारतात. भिजलेली कॉफी स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी धरून बसते, ते परत येत नाही. म्हणून दोन चमच्यांवर वाटीभर पाणी ओतलं की हाती कोरा चहाच लागणार.

७५ मिलीत तीन छोटे टंबलर होतात. प्रत्येकात २५ डिकॉक्शन, ७५ ते १०० दूध. याहून जास्त दूध घातलं तर ती दूध-कॉफी. वाईट नाही, पण वेगळी.

पाणी थेट उकळतं ओतलं तरी चालतं. पाश्चात्त्य पद्धतीत ९०-९५ अंश सांगतात, पण आपला फिल्टर छोटा आणि पातळ पत्र्याचा, ओततानाच पाणी निवतं. आधी तीन-चार चमचे पाणी सगळीकडे शिंपडून पावडर भिजू द्या, अर्धा मिनिट थांबा, मग उरलेलं धारेने. झाकण लावा आणि विसरून जा. १५-२० मिनिटांत बरंचसं उतरतं, पूर्ण उतरायला अर्धा-पाऊण तास. सारखं झाकण उघडून बघू नका.

चहाबाज

पाऊण तास. तोवर माझा तिसरा चहा होतो, पेपर वाचून होतो आणि राजकारणावर भांडणही होतं.

तंजावरी

मी या धाग्यावर यायलाच हवं होतं. आमचं घर तंजावरच्या मराठी माणसांपैकी. १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांच्याबरोबर दक्षिणेत आलेली मंडळी, तिथेच राहिली. राज्य १८५५ साली गेलं, मराठी घरात राहिली. माझी लिहिण्याची मराठी पुण्यात शिकून सुधारली, घरची ऐकाल तर हसाल. पण कॉफी मात्र पक्की तिकडची. कॉफीसाठी नावाजलेलं कुंभकोणम् आमच्या गावाहून फार लांब नाही, तेव्हा थोडा अधिकार सांगतो.

आमच्या घरी चिकोरी येत नसे. आजोबांचा नियम : पीबेरी आणि प्लांटेशन ए (कॉफीच्या बियांचे दोन प्रकार), निम्मी-निम्मी, समोर दळून घ्यायची आणि आठवड्यापुरतीच आणायची. आजी पहाटे पहिलं काम फिल्टर लावण्याचं करी. उतरलेलं पहिलं डिकॉक्शन घरातल्यांना आणि पाहुण्यांना. त्याच पावडरीवर परत पाणी ओतून निघायचं ते दुसरं डिकॉक्शन. ते कोणाला मिळे यावरून घरातली तुमची पत कळत असे. मला कॉलेजात जाईपर्यंत दुसरंच मिळालं.

दूध गाईचं, पाणी न घातलेलं, आणि पहिल्या उकळीचं. 'डिग्री कॉफी' ती याच दुधाची असं आमच्याकडे मानत. दूध तापवून गार करून परत तापवलं की त्याला साईचा वास येतो आणि तो कॉफीच्या वासावर बसतो. रानजाई, तुमचं गुळमुळीत लागणं निम्मं इथलं असेल. डिकॉक्शन कधीही उकळायचं नाही. दूध कडकडीत, डिकॉक्शन खोलीच्या तापमानाचं, दोन्ही एकत्र झाल्यावर परत गॅसवर चढवायचं नाही.

साखर आधी टंबलरात, तिच्यावर डिकॉक्शन, त्यावर दूध. मग डबऱ्यात आणि परत टंबलरात, हात वर नेत. फेसासाठी करतात असं म्हणतात. खरं म्हणजे साखर विरघळते आणि पिण्याजोगी निवते, फेस हा वरचा फायदा.

नाममात्र

"दुसऱ्या डिकॉक्शनचा माणूस" ही शिवी आजपासून माझ्या संग्रही.

किंग्ज सर्कल

तंजावरी, अगदी डोळ्यांपुढे आलं. मी माटुंग्यात वाढलो, आमच्या चाळीत खाली पालघाटचे अय्यर आणि वर आम्ही. फिल्टर म्हणजे काय हे मला शाळेच्या आधी कळलं.

ठाण्यात राहून रानजाईंनी पाकीटबंद पावडर घ्यावी हे मला पटत नाही. गाडीने माटुंग्याला उतरा. स्टेशनच्या पूर्वेला आलात की मार्केटच्या अलीकडेच भाजलेल्या कॉफीचा वास येतो, पत्ता विचारावा लागत नाही. म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानात बिया डब्यांत असतात, तुम्ही सांगाल ते मिसळून समोर दळून देतात. सांगायची रीत अशी : "पीबेरी अर्धा पाव, ए अर्धा पाव, चिकोरी वीस टक्के, फिल्टरसाठी." शेवटचा शब्द विसरू नका, दळण त्यावर ठरतं. पिशवी हातात येते तेव्हा कोमट असते, गाडीत आजूबाजूचे लोक वळून बघतात.

आणि तिथवर गेलात तर रामा नायकांच्या उडुपीत केळीच्या पानावर जेवून या, १९४२ पासूनचं आहे. जेवणावर कॉफी घेऊ नका, घरी आणलेल्या पावडरीची घ्या. रविवारी सकाळी मात्र त्या भागात फिरकू नका. प्रत्येक हॉटेलाबाहेर नाव लिहून तास तास ताटकळावं लागतं.

अवांतर : कॉफी बोर्डाच्या आधीच्या सेस कमिटीने मुंबईत चर्चगेटला १९३६ साली इंडिया कॉफी हाउस काढलं. पुढे बोर्डाने कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. केरळात अजून जोरात आहेत. तुरेवाल्या फेट्याचे वेटर.

परदेसाई

आणि कटलेटात बीट! केरळच्या कॉफी हाउसमध्ये कशात बीट नाही ते सांगा. मसाला डोशातही लालभडक भाजी आली होती.

जायफळ

इथे सगळे दक्षिणेला निघाले म्हणून मला बोलायलाच हवं. आपल्या मराठी घरांत कॉफी नव्हती का? होती. दूध, साखर, कॉफी, सगळं एकत्र उकळायचं आणि वर जायफळ किसायचं, वेलदोडा हवा तर. गाण्याच्या बैठकीत मध्यंतराला, लग्नघरात पहाटे, आजाऱ्याला उठून बसवलं की. आमच्याकडे कॉफीच्या वड्या मिळत, साखर आणि कॉफी एकत्र दाबलेल्या. गरम दुधात एक टाकली की काम झालं. तिला फिल्टर लागत नसे आणि पाऊण तासही.

वजनकाटा

झोप आणणारं आणि झोप उडवणारं एकाच कपात घालणारे आपणच :)

जायफळ

म्हणूनच बैठक पहाटेपर्यंत चाले आणि कोणी घोरतही नसे. समतोल.

किंग्ज सर्कल

जायफळ, त्या मराठी कॉफीत चिकोरी असायचीच बरं का. पोल्सन आठवतंय? आता लोक लोणी म्हणून ओळखतात, पण तो धंदा मुंबईत कॉफी भाजून-दळून विकण्यापासून सुरू झाला होता. 'पोल्सन्स फ्रेंच कॉफी' म्हणजे चिकोरी घातलेलीच. आनंदची डेअरी आणि लोणी नंतरचं. म्हणजे तुमचं जायफळ गेली कित्येक वर्षं चिकोरीच्या संगतीत आहे.

रानजाई

बघा, आलात ना चिकोरीवर. मग भेसळ की नाही?

वजनकाटा

माझा व्यवसाय अन्नपदार्थ तपासण्याचा आहे, तेव्हा हे जरा लांबवतो.

चिकोरी हे मूळ आहे. कासनीच्या जातीच्या झाडाचं. वाळवून, भाजून, दळून घेतात. आपल्याकडे गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकते. मुळात इन्युलिन नावाची साखरेच्या कुळातली गोष्ट भरपूर असते. भाजताना ती करपून तपकिरी होते, त्यातून तो गोडूस-कडवट वास आणि काळा रंग येतो. कॅफीन शून्य.

आता चवीचं. भाजलेल्या कॉफीचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो, बाकी चोथा. चिकोरीचा दोन तृतीयांशाच्या आसपास उतरतो. म्हणून २० टक्के चिकोरी घातली की डिकॉक्शन एकदम दाट होतं, दूध घातल्यावरही रंग आणि तोंडात भरलेपणा टिकतो. रानजाई म्हणतात "जिभेवर काही राहत नाही", ते राहण्यासारखं जे काही आहे त्यातलं बरंच चिकोरी देते. शिवाय ती पाण्यात फुगते, त्यामुळे पाणी सावकाश उतरतं आणि कॉफीला सुटायला वेळ मिळतो. तुमची शुद्ध पावडर भसाभसा उतरते त्यात हेही असेल.

कायद्याचं : कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि टक्केवारी पाकिटावर छापायला हवी. छापून विकली तर भेसळ नाही. न सांगता मिसळली तर भेसळ. खऱ्या भेसळीत चिंचोके आणि खजुराच्या बिया भाजून घालतात. घरी बघायचं असेल तर ग्लासभर गार पाण्यावर चिमूट पावडर भुरभुरा. कॉफी तरंगत राहते. चिकोरी लगेच तळाला जाते आणि मागे तपकिरी रेघा सोडते.

आता पाकीट उलटं करून बघा. किती जणांना माहीत आहे की आपण पितो त्यात ४०-४५ टक्के मूळ आहे?

चहाबाज

आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. बायकोच्या पाकिटावर ५३ : ४७. मी तिला म्हटलं, तू निम्मी कॉफी पितेस. ती म्हणाली, तू पूर्ण डोकं खातोस.

तंजावरी

वजनकाटा, रसायन मान्य, निष्कर्ष अमान्य. दाटपणा हवा तर पावडर वाढवा ना. तुमच्याच मापाने २५ ग्रॅमला १२५ मिली, ते शुद्ध कॉफीनेही दाटच होतं. चिकोरीची चव एकदा ओळखू यायला लागली की तीच तीच येते. जळक्या गुळाची. त्याखाली कोणती बी होती, कुठली होती, कळतच नाही. दुकानदाराला तेच हवं असतं, शिळी आणि हलकी बी खपते.

बेंगळुरूकर

तंजावरी, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवून : बंगळुरात कुठल्याही दर्शिनीत, म्हणजे छोट्या हॉटेलात, उभ्याने कॉफी प्या, तिच्यात चिकोरी असते आणि लोक तिच्यासाठी रांगा लावतात. 'बाय टू' मागून दोघांत अर्धी अर्धी पितात आणि तेवढ्याने सकाळ होते. ती चव चुकीची कशी म्हणायची? शुद्ध कॉफी ही एक चीज, ८०-२० ही दुसरी. मला आठवडाभर दुसरी लागते, रविवारी पहिली.

५३-४७ वाल्याला मात्र मीही कॉफी म्हणत नाही.

तंजावरी

चला, एवढ्यावर तरी एकमत.

मलेनाड

मी बाहेरून वाचत होते, पण बी कुठली यावर कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहिते. मी सांगलीची, सासर चिकमगळूरजवळ, घरचा छोटा मळा. वर बाबा बुडनगिरी दिसते. बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि इथे लावल्या ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ.

दुकानात 'प्लांटेशन ए' म्हणतात ते मळ्याचं नाव नव्हे. लाल फळ तोडल्यावर त्याच दिवशी गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका (कॉफीची एक जात, दुसरी रोबस्टा) म्हणजे 'प्लांटेशन'. ए, बी ही दाण्याच्या आकाराची प्रत. न धुता फळासकट अंगणात वाळवली तर 'चेरी'. रोबस्टाचं धुतलेलं ते 'पार्चमेंट'. फळात एरवी दोन बिया, सपाट बाजूने एकमेकींना टेकलेल्या. एखाद्यात एकच धरते, ती गोल होते, तिला पीबेरी. पीबेरी जास्त चविष्ट असते असं दुकानदार सांगतात. मला विचाराल तर ती गोल असल्यामुळे तव्यावर सारखी फिरते आणि सारखी भाजली जाते, एवढंच. पैसे मात्र जास्त मिळतात, म्हणून मी तक्रार करत नाही.

आणि सगळे अरेबिका-अरेबिका करता, पण भारतात पिकते त्यात रोबस्टा अरेबिकाच्या दुपटीहून जास्त. तिच्यात कॅफीन साधारण दुप्पट, कडवटपणा जास्त, आणि दुधाला पुरून उरणारा जोर. रानजाई, चिकोरी नको असेल तर चौथा हिस्सा रोबस्टा पार्चमेंट मिसळून बघा. चिकोरीवाले आणि शुद्धवाले दोघेही या वाटेने जात नाहीत, कारण कोणीतरी रोबस्टाला हलकी ठरवून ठेवलं आहे. चांगली धुतलेली रोबस्टा इटलीवाले आमच्याकडून घेऊन जातात.

मार्च-एप्रिलात वळवाचा एक पाऊस वेळेवर पडला की आठ-दहा दिवसांनी अख्खा मळा पांढरा होतो, जाईजुईसारखा वास. दोन-तीन दिवसांत फुलं तपकिरी. तो पाऊस चुकला की वर्ष चुकलं. गेल्या काही वर्षांत भाव चढला म्हणून सगळे आमचं अभिनंदन करतात, पण तोडणीला माणूस मिळत नाही आणि पाऊस तोडणीच्या ऐन हंगामात येतो. वाळत घातलेली फळं घरात उचलून नेता नेता कंबर जाते.

रानजाई

मलेनाड, हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. रोबस्टा पार्चमेंट माटुंग्यात मिळेल का?

किंग्ज सर्कल

मिळेल. मागितली की दुकानदार एकदा तुमच्याकडे बघेल, मग देईल.

परदेसाई

परदेशातल्यांसाठी. मी ह्यूस्टनला. इथे देशी दुकानातली फिल्टर कॉफीची पाकिटं बोटीतून येतात, तोवर वास उडालेला असतो. आमची सोय न्यू ऑर्लीन्सने केली आहे. तिथे फ्रेंचांपासून चिकोरीची कॉफी चालते, 'कॅफे दु माँद'चा पिवळा डबा सगळीकडे मिळतो. दळण जरा जाड आहे, म्हणून पावडर थोडी जास्त घालते. शेजारी व्हिएतनामी कुटुंब आहे, तेही हाच डबा वापरतात, त्यांचा फिल्टर आपल्याच्या चुलतभावासारखा, फक्त कपावर ठेवायचा. ते खाली कंडेन्स्ड मिल्क घालतात. एकदा करून बघा, रोज करू नका.

मोका पॉटमध्येही (गॅसवर ठेवायची इटालियन किटली) करून पाहिलं. कडक होते, पण वाफेच्या दाबाने उतरवलेली असल्याने कडवटपणा पुढे येतो. फिल्टरच्या डिकॉक्शनमध्ये असतो तो गोल गोडवा नाही.

हळदुली

प्रश्न : आमच्याकडे सासूबाई पावडरीच्या आधी फिल्टरच्या तळाला चिमूटभर साखर टाकतात. म्हणतात डिकॉक्शन दाट होतं. खरं का?

तंजावरी

आमच्याकडेही टाकत. का ते कोणी विचारलं नाही.

वजनकाटा

दाट होण्याचं मला काही कारण दिसत नाही. गोड होतं हे नक्की. मी आंधळी चाचणी घ्यायला तयार आहे, सासूबाई तयार आहेत का विचारा.

हळदुली

विचारलं. "त्यांना म्हणावं आधी इथे येऊन कॉफी पिऊन जा, मग चाचण्या घ्या" असं उत्तर आहे.

वजनकाटा

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ओंजळ

डबरा-टंबलरचं कौतुक चाललं आहे म्हणून एक कडवट गोष्ट. टंबलरची कड बाहेर वळलेली असते ती वरून, ओठ न लावता पिता यावं म्हणून. ती रीत सोवळ्याची. तमिळनाडूत 'ब्राह्मणांचा कॉफी क्लब' अशा पाट्या असत, बाकीच्यांना बसायची जागा वेगळी किंवा नाहीच. जातिविरोधी चळवळीचे नेते पेरियार यांच्या लोकांनी १९५७ साली मद्रासला ट्रिप्लिकेनमधल्या मुरली कॅफेसमोर त्या पाटीविरुद्ध आंदोलन केलं. कॉफी पिताना हे आठवू नये असं नाही.

तंजावरी

ओंजळ, बरोबर आहे. आमच्या घरात घरकामाच्या बाईचा टंबलर वेगळा होता, खिडकीच्या कोनाड्यात. तिला दुसरं डिकॉक्शनसुद्धा नाही, तिसरं. वर 'पत' म्हणून जे गंमतीत लिहिलं त्याचा हा खालचा टोक.

संपादक

चर्चा चांगली चालली आहे. या मुद्द्यावर सविस्तर लिहायचं असेल तर स्वतंत्र धागा काढावा, इथून दुवा देऊ.

ओंजळ

काढते.

पेठकर

पुण्यात रास्ता पेठेत जुनी तमिळ वस्ती आहे, तिथे ताजी दळलेली मिळते. माझा मुद्दा दुधाचा. म्हशीचं दूध घालू नका. साय आणि गोडवा इतका असतो की कॉफी खाली दबते. पिशवीत फुल क्रीम म्हणजे ६ टक्के स्निग्धांश, टोन्ड ३ टक्के. टोन्ड पातळ पडतं. गाईच्या दुधाची पिशवी मिळते तिच्यात साडेतीनच्या आसपास असतो, ती मला सगळ्यांत जमली.

बेंगळुरूकर

सहमत. आणि दूध आटवू नका. वर आलं की बंद.

उरलेलं डिकॉक्शन फ्रिजमध्ये झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. गरम करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवून. तिसऱ्या दिवशी ते आंबूस लागतं, मग झाडांना घाला.

चहाबाज

तिसऱ्या दिवशी झाडांना घालणार, पहिल्या दिवशी का नाही?

रानजाई

सगळ्यांचे आभार. माटुंग्याहून दोन पुड्या आणल्या : एक पीबेरी-ए आणि रोबस्टा पार्चमेंट, चिकोरीशिवाय. दुसरी ८०-२०. काट्यावर २५ ग्रॅम मोजून, चकती नुसती टेकवून, वरचं भांडं एकदा उचलून 'सुस्स' करून. दोन्हींचं डिकॉक्शन काळंभोर, टंबलरच्या काचेला, म्हणजे स्टीलला, चिकटून खाली येतं.

निकाल घरात फाटलेला आहे. नवऱ्याला, जो भेसळ भेसळ म्हणत होता, त्याला न सांगता दिली तेव्हा ८०-२० आवडली. मला रोबस्टावाली. त्याला अजून सांगितलेलं नाही, हा धागा तो वाचत नाही अशी आशा.

नाममात्र

वहिनी, तो वाचतो. 'चहाबाज' कोण आहे असं वाटतं तुम्हाला?

चहाबाज

मी नव्हे! माझी बायको ५३-४७ पिते.

हळदुली

एक राहिलंच. माहेरहून पितळेचा जुना फिल्टर मिळाला आहे, आतली कल्हई उडाली आहे. तसाच वापरू का? पितळेत चव वेगळी येते म्हणतात.

तंजावरी

तसाच नको. कॉफी आंबट असते, उघड्या पितळेला लागते आणि डिकॉक्शन कळकतं. कल्हई करून घ्या. चवीत फरक पडतो तो मुख्यतः पितळ जाड असल्याने आतलं पाणी उशिरा निवतं म्हणून.

पेठकर

पुण्यात असाल तर कसब्यात तांबट आळीत विचारा. कल्हई करणाऱ्याला आधीच सांगा की तळाची भोकं मोकळी ठेव. नाहीतर कथील भोकांत जाऊन बसतं आणि मग एकेक भोक सुईने टोकरत बसावं लागतं. जाताना जाड सुई बरोबर न्या, तिथेच त्याच्यासमोर पाणी ओतून बघा.

हळदुली

नेते. सासूबाई म्हणतात साखरेची चिमूटही बरोबर ने.